प्रिंटरजवळची लिली

हे घडलेलं आहे. माझ्या सख्ख्या बहिणीच्या बाबतीत घडलेलं आहे, आणि अजून संपलेलं नाही.

ज्यांना पटणार नाही त्यांनी इथंच थांबावं. मी कुणाला पटवायला बसलेली नाही. मला हे फक्त कुठंतरी सांगून टाकायचं आहे, कारण घरात सांगता येत नाही.

भुताच्या गोष्टीला रात्र लागते म्हणतात. माझ्याकडे रात्र नाही. रविवारची भर दुपार होती. आठव्या मजल्यावरचं ऑफिस, सुट्टीमुळे रिकामं. काचेतून लख्ख ऊन आत आलेलं. एसी बंद.

आणि त्या शांततेत दोन आवाज...

पण आधी आमचं काम सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

मी आणि ताई ऑफिसांना झाडं पुरवतो. नुसती नेऊन ठेवत नाही, सांभाळतोही. ठरलेल्या वारी जायचं, माती बघायची, पानं पुसायची, कुंडी थोडीशी फिरवायची, म्हणजे झाड एकाच बाजूला उजेडाकडे वाकत नाही. मलूल झालेलं झाड उचलून नर्सरीत आणायचं आणि त्याच्या जागी ताजं ठेवायचं. ठणठणीत झाडाला हात लावायचा नाही, ते जिथं आहे तिथंच राहू द्यायचं. हे आमच्या इतकं अंगवळणी पडलंय की डोकं दुसरीकडे असलं तरी हात आपले काम करत राहतात.

झाड निवडावं ताईनंच. ऑफिसवाल्यांना पाम हवे असतात, कारण कुठल्यातरी हॉटेलात बघितलेले असतात. ताई आधी त्या जागेवर जाऊन उभी राहायची. उजेड किती पोचतो, एसीचा झोत कुठं येतो, लोक कुठून घासून जातात, सगळं बघायची. मग शांतपणे सांगायची, "साहेब, इथं पाम ठेवला तर महिन्यात त्याचा झाडू होईल."

ती म्हणायची, ऑफिसातली झाडं तहानेनं मरत नाहीत, लाडानं मरतात. प्रत्येकाला वाटतं, आपल्या बाटलीत उरलेलं घोटभर पाणी घालावं. असे सगळ्यांचे घोट मिळून मुळं कुजतात.

ती स्वतः पाणी घालण्याआधी बोट मातीत खुपसून ओल बघायची. तिचं ते बोट लहानपणी दारात चेंगरलं होतं, टोक चपटंच राहिलं. त्यामुळे मातीत पडलेलं तिचं भोक लगेच ओळखू यायचं. रुंद आणि आखूड. मी चिडवायचे, "आलं तुझं फावडं."

तर ते आठव्या मजल्यावरचं ऑफिस.

आम्ही ते नवीनच घेतलं होतं. आधीचा झाडंवाला काम सोडून गेला होता. खिडकीजवळच्या खांबाला टेकून एक रबराचं झाड होतं, माझ्यापेक्षा उंच. आणि पलीकडच्या टोकाला, प्रिंटरजवळ, एक पीस लिली. लिलीचं असं असतं, पाणी कमी पडलं तरी मान टाकते, जास्त झालं तरी मान टाकते. ही कायम मान टाकूनच असायची.

कारण कुंडी कायम ओली असायची. ओली म्हणजे चिखल.

ताईनं आधी गोडीत सांगून बघितलं. मग कुंडीवर "पाणी घालू नका" असं लिहून लावलं. ऑफिसातले सगळे शपथेवर सांगायचे, आम्ही थेंबसुद्धा घालत नाही.

मी म्हटलं, "अगं बदलून टाकू ना, नर्सरीत नेते मी हिला."

"नको. हिला इथंच बरी करणार मी. आणि कोण घालतंय तेही शोधून काढणार."

ताईचा हट्ट म्हणजे हट्ट. एकदा धरला की आईसुद्धा मध्ये पडत नाही.

त्या दिवशी ती मला म्हणाली, "तू खालच्या मजल्यावरचं उरक. सगळे जेवायला गेलेत. मी रबराची पानं पुसत इथंच उभी राहते. बघू या, कोण येतंय बाटली घेऊन."

मी वर गेले तेव्हा ताई रबराच्या झाडापाशी पडली होती. खिडकीच्या कट्ट्याची कड डोक्याला लागली होती. हातात ओलं फडकं तसंच घट्ट धरलेलं.

आणि लिलीच्या कुंडीखालची बशी भरून पाणी जमिनीवर ओघळत होतं...

ऑपरेशन झालं. ताईनं डोळे उघडले नाहीत.

डॉक्टर म्हणाले, "आमच्या हातात होतं ते केलं. आता वाट बघा." काही दिवसांनी तिला साध्या खोलीत हलवलं. का हलवलं ते मला कळत होतं, आईला मी कळू दिलं नाही. आई तिचा हात धरून बसायची आणि एकच सांगायची, "बास झालं गं आता. ऊठ."

बाबा आम्हाला आठवतही नाहीत. मला ताईनं वाढवलं. सायकल तिनं शिकवली, कटिंग लावायला तिनं शिकवलं, पहिल्यांदा साहेबांशी न घाबरता बोलायलाही तिनंच. तिच्यावाचून मी काही करू शकेन असं मला कधी वाटलं नव्हतं, आताही वाटत नाही. हॉस्पिटलच्या जिन्यात बसून मी वाट्टेल ते बोलत होते. माझं आयुष्य घे पण हिला उठव, असं कुणालातरी सांगत होते. कुणाला, ते मलाही माहीत नव्हतं.

झाडांना मात्र सुट्टी नसते. ठरलेल्या वारी मी एकटीच आठव्या मजल्यावर गेले.

रबराची पानं चकचकीत होती.

आरशासारखी. एवढे दिवस कुणी फडकं लावलं नव्हतं, बोटभर धूळ असायला हवी होती. कुंडी फिरवलेली होती. मी खाली वाकून माती बघितली.

मातीत एक ताजं भोक होतं...

रुंद. आखूड.

मी तिथंच खाली बसले. ऑफिसात साफसफाई करणाऱ्या मावशी मागून म्हणाल्या, "आत्ताच तर पुसलीत ना तुम्ही? परत काय बघताय?"

"मावशी, मी आत्ता येतेय."

त्या हळूच म्हणाल्या, "दुपारी सगळे जेवायला गेले की आवाज येतो. पान पुसल्याचा. मला वाटलं, तुम्हीच असाल."

मी घाबरले का? नाही. खरं सांगते, मला आनंद झाला. ताई इथं आहे. म्हणूनच तिकडे उठत नाही. ती कामात अडकलीय, आणि काम अर्धं टाकून निघायची तिला सवयच नाही.

म्हणजे तिला इथून न्यायला हवं.

मी ऑफिसच्या ऍडमिन बाईंना खोटंच सांगितलं की कीड पडलीय, सुट्टीच्या दिवशी औषध मारावं लागेल. रविवारी दुपारी वॉचमननं दार उघडून दिलं आणि तो खाली गेला.

मी मधोमध उभी राहिले.

"ताई, मी आलेय," म्हटलं. "चल घरी. आई वाट बघतेय."



मग खांबाकडून आवाज आला. चुर्र... चुर्र... ओल्या फडक्यानं रबराचं जाड पान पुसताना होतो, तो. पान हलत होतं. वारा नव्हता.

आणि त्याच वेळी पलीकडून, प्रिंटरच्या बाजूनं दुसरा आवाज आला.

गुळुक... गुळुक...

बाटली रिकामी होताना होतो तसा.

मी तिकडे पळाले. लिली जमिनीला टेकली होती. पानं पिवळी पडून लोळत होती. माती पाण्याखाली गेली होती आणि त्या पाण्यावर बुडबुडे येत होते. ती कुंडी बघून मला हॉस्पिटलमधली ताईच दिसली. तशीच निपचित, तशीच सगळ्यांनी आशा सोडलेली.

दोन झाडं होती. एक ठणठणीत, एक आजारी.

हात आपले काम करतात म्हटलं ना. मी आजारी उचललं.

विचार केलाच नाही असं नाही, पण विचारही हातांच्याच बाजूनं केला. रबर अवजड, एकटीला पेलणार नाही. आणि ज्याला गरज आहे त्यालाच नेतात ना? मी लिलीची कुंडी पोटाशी धरली आणि निघाले. दारापाशी पोचले तेव्हा मागून पान पुसल्याचा आवाज थांबला.

एकदम थांबला. कुणीतरी वळून बघावं तसा.

मी वळले नाही...

हॉस्पिटलमध्ये नर्सनं अडवलं. माती आत चालत नाही म्हणाली. मी तिच्या पाया पडायची बाकी होते. शेवटी तीच ओशाळली आणि म्हणाली, "संध्याकाळपर्यंत खिडकीत ठेवा. मी बघितलं नाही."

ऊन उतरायच्या आत ताईनं डोळे उघडले.

डॉक्टर धावत आले. ताईनं आधी खिडकीतल्या लिलीकडे बघितलं, मग आमच्याकडे. ओठ हलले.

"तहान लागलीय."

ती पाणी पीत राहिली. नर्सनं थांबवेपर्यंत पीत राहिली. आम्ही दोघी हसत होतो आणि रडत होतो. त्या दिवसाइतकी सुखी मी कधीच नव्हते.

ताई घरी आली. डॉक्टरांनी बजावलं होतं की काही गोष्टी विसरेल, हळूहळू आठवेल. ती आईला आई म्हणायची, पण आधी जरा थांबून, नवीन शिकलेला शब्द म्हणावा तसं. मला नावानं हाक मारायची नाही. शांत झाली होती. आईच्या मागे मागे फिरायची, आई भाजी निवडायला बसली की शेजारी बसून राहायची. आई म्हणायची, "आजारपणानं मऊ झालीय माझी पोर."

घरातल्या झाडांना ती रोज पाणी घालायला लागली.

झारीनं नाही. बाटलीतून. आधी स्वतः प्यायची, उरलेलं कुंडीत. प्रत्येक कुंडीत. पानांवर धूळ साचली तरी तिकडे लक्ष नाही.

मी म्हटलं, "ताई, आधी माती बघ ना. ओली आहे अजून."

तिनं आपलं ते चपटं बोट वर धरून बघितलं. दुसऱ्याची वस्तू बघावी तसं.

"मातीत बोट? नको गं. नखात जाते."



दुसऱ्याच दिवशी मी आठव्या मजल्यावर गेले. लिलीची जागा रिकामी होती. तिथली जमीन आता कोरडी ठणठणीत होती.

आणि रबराची पानं चकचकीत. कुंडी फिरवलेली. मातीत ताजं भोक. रुंद, आखूड.

ताई इथंच होती. मी तिला इथंच ठेवून गेले होते.

मावशींना मी विचारलं, प्रिंटरजवळ आधी कोण बसायचं.

"होत्या एक बाई. तुम्ही यायच्या आधी. फार साध्या. घरी कुणी नव्हतं त्यांच्या. ऑफिस सुटलं तरी बसून राहायच्या. जाताना बाटलीतलं उरलेलं पाणी त्या झाडाला घालायच्या, न चुकता. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत टेबलावर डोकं ठेवलं, ते उचललंच नाही. आम्हाला वाटलं, झोपल्यात."

त्यापुढचं मी नीट ऐकलं नाही.

त्याच दिवशी टेम्पो बोलावून मी रबराचं झाड घरी आणलं. ऍडमिन बाईंना काय थाप मारली तेही आता आठवत नाही. झाड ताईच्या पलंगाजवळ ठेवलं. ती दुपारची झोपली होती. मी दाराशी बसून राहिले. काय होणार, कसं होणार, मला काही माहीत नव्हतं. एवढंच वाटत होतं की एकदा चूक झाली, ती उलटी करता आली पाहिजे.

चुर्र... चुर्र...

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "ताई उठली का? झाड पुसतेय वाटतं."

पलंगावरची झोपलेलीच होती.

त्या दुपारी ताई घरात होती. माझ्यापासून हातभर अंतरावर. मी तिच्याशी खूप बोलले, माफी मागितली, रडले. पान हलत राहिलं. पण जिथं परत जायचं ती जागा रिकामी नव्हती. तिथं कुणीतरी शांत झोपलं होतं, आणि आईनं तिच्या अंगावर पांघरूण घातलं होतं.

सकाळी रबराच्या कुंडीत पाणी तुडुंब भरलेलं होतं.

"तहानलं होतं गं बिचारं," ती म्हणाली. तोंडावर लबाडी नव्हती. खरंच माया होती.

मी माती बदलली. तिनं परत पाणी घातलं. कुंडी गच्चीवर लपवली, तर तिथं रिकाम्या बाटल्या सापडल्या. मी दार लावून बसले, तर आई माझ्यावरच चिडली, "एवढ्या मरणाच्या दारातून आलीय, तिला झाडाला पाणी घालायचं सुख नको देऊस तू?" पानं पिवळी पडून गळायला लागली. प्रत्येक पानागणिक तो पुसण्याचा आवाज बारीक होत गेला. शेवटी शेवटी कान लावून बसलं तरच ऐकू यायचा.

मग एक दिवस तो आवाज आलाच नाही...

मी वेड्यासारखी कुंडी फोडली. कुजलेली मुळं कापली. जे थोडं पांढरं मूळ उरलं होतं, ते कोरड्या मातीत लावलं आणि तो बोडका दांडा घेऊन आठवा मजला गाठला.

ऍडमिन बाई म्हणाल्या, "हे काय आणलंय? मेलेलं आहे हे. चांगलं झाड ठेवा."

"मरू दिलेलं नाही अजून," मी म्हणाले. "ठेवू द्या. मी तुमच्याकडे परत काही मागणार नाही."

माझं तोंड बघून त्यांनी तो दांडा खांबाजवळ ठेवू दिला.

किती दिवस मी त्या दांड्यापाशी जाऊन बसत होते, मोजलं नाही. लोक येताजाता बघायचे. आणि मग एका दुपारी टोकाला लाल कोंब दिसला. खाली मातीत भोक होतं. उथळ, अशक्त माणसानं टेकवल्यासारखं. पण होतं.

झाड आपल्या आवडीनं ठेवायचं नसतं, जागेच्या मानानं ठेवायचं. ताई तिथं जगते. घरी जगत नाही. मग मी तिला तिथंच ठेवलं. परक्या माणसांच्या ऑफिसात, एका खांबाजवळ.

ठरलेल्या वारी जाते. पानं मी पुसत नाही, लागत नाही. नुसती बसते. आईचं सांगते, नर्सरीचं सांगते. ऑफिस कधीतरी दुसरीकडे हलेल. तेव्हा काय करायचं, मला माहीत नाही. विचार आला की जेवण जात नाही.

घरी मी कधीच काही बोलले नाही. आईला काय सांगू? तुझी मुलगी ही नाही म्हणून? ती हिला अजून स्वतःच्या हातानं भरवते.

गेल्याच आठवड्यातली गोष्ट. मी ऑफिसातून घरी आले. चपला काढत होते. ती दारातच उभी होती. हातात बाटली. तिनं मला पाणी दिलं. मी प्यायले, आणि तिनं आतल्या बाजूला, आई आहे तिकडे, एकदा बघून घेतलं.

मग अगदी हळू आवाजात मला विचारलं...

"तुझी ताई बरी आहे ना तिथं?"

मी बाटली तिच्या हातात परत दिली.

"तिला सांग," ती म्हणाली, "आईची काळजी करू नकोस म्हणावं. मी बघते नीट."

आतून आईनं आवाज दिला, "अगं दोघी या, जेवण गार होतंय."

ती लगेच वळली आणि आत गेली. "आले आई," म्हणाली. आता ती तो शब्द म्हणताना थांबत नाही.